नवी मोटार आणि लांबचा पल्ला

(नभोवाणीवरील भाषण)

नवी मोटार घरीं आली म्हणजे तिच्या गुणांची चौकशी करावयास जो तो येतो. माणसें किती बसतात, लिटरमागें किलोमीटर किती चालते, रंग हाच कां घेतला, हे प्रश्न ठरलेले असतात. शहरांतल्या रस्त्यांवर त्यांचीं उत्तरें मिळतात, परंतु पुरतीं मिळत नाहींत. दर दोनशें पावलांवर जिला थांबावें लागतें, त्या मोटारीची खरी प्रकृति कळावी कशी? माणूस प्रवासांत कळतो, असें आपले वडीलधारे म्हणत असत. मोटारीचेंही तसेंच आहे. आमच्या घरच्या नव्या मोटारीस चैत्रांत असा एक प्रवास घडला. त्याविषयीं आज आपल्याशीं चार शब्द बोलावयाचे आहेत. मात्र आरंभींच सांगून ठेवतों कीं, परीक्षा मोटारीची घ्यावयास आम्ही निघालों होतों, आणि ती भलत्याचीच झाली.

लांबच्या पल्ल्यावर मोटार पारखून पाहण्याची चाल मोटारीइतकीच जुनी आहे. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनींतील मानहाइम शहराहून बेर्था बेंझ या बाई आपले पति कार्ल बेंझ यांनीं तयार केलेली तीन चाकांची मोटार घेऊन, दोघां मुलांसह माहेरीं फोर्त्सहाइमला गेल्या. यजमानांना त्यांनीं आगाऊ कांहीं सांगितलें नव्हतें. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडें अधिक. त्या काळीं पेट्रोलचे पंप कोठले असणार? वाटेंत औषधांच्या दुकानांतून त्यांनीं इंधन विकत घेतलें. नळी तुंबली ती टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. उतारावर लांकडी ब्रेक झिजले, तेव्हां एका चांभाराकडून त्यांवर चामडें बसवून घेतलें. चढावर मुलांना मोटार ढकलावी लागली, आणि त्या अनुभवावरून पुढें चढणीकरितां आणखी एक गिअर बसविण्यांत आला. कारखान्यांत वर्षानुवर्षें जें ध्यानांत आलें नव्हतें, तें एका बाईच्या माहेरच्या प्रवासानें ध्यानांत आणून दिलें. लांबच्या रस्त्याचा हाच गुण आहे. तो उणीव झांकूं देत नाहीं.

आमचा प्रवास सिन्नरहून नागपूरपर्यंतचा. माझ्या सर्वांत थोरल्या भगिनी नागपुरास असतात. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा समारंभ तेथें व्हावयाचा होता. मार्ग अर्थात् समृद्धि महामार्ग. ७०१ किलोमीटर लांबीच्या या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, आणि इगतपुरीपासून भिवंडी तालुक्यांतील आमणें गांवापर्यंतचा शेवटचा ७६ किलोमीटरांचा भाग ५ जून २०२५ रोजीं खुला होऊन तो पुरा झाला. दहा जिल्ह्यांतून तो जातो. जावयास तीन व यावयास तीन अशा त्याच्या मार्गिका आहेत. वाटेंत चौक नाहीं, सिग्नल नाहीं, बाजारपेठ नाहीं. दुचाकी व तीनचाकी वाहनांस तेथें मज्जाव आहे. मोटारीला सपाटीवर ताशीं १२० किलोमीटरांची मोकळीक आहे. पूर्वीं एस. टी.च्या गाडींत रात्रभर अंग आंबवून ज्यांनीं नागपूर गांठलें आहे, त्यांना हा रस्ता स्वप्नासारखा वाटावा. तो स्वप्नासारखा आहे हेंच त्याचें भय आहे, ही गोष्ट मला त्या दिवशीं कळली.

निघण्यापूर्वीं आमच्या चिरंजीवांनीं मोटारीची तयारी मन लावून केली, हें मला कबूल केलें पाहिजे. नव्या एंजिनाला पहिले हजारभर किलोमीटर एकाच ठरावीक वेगानें सतत पळवूं नये, असें मोटारीबरोबर मिळालेल्या पुस्तकांत लिहिलें होतें. तें त्यांनीं पाळलें होतें. पहिली तपासणीही झाली होती. पण लांबच्या वेगवान प्रवासांत एंजिनापेक्षांही अधिक काळजी टायरांची घ्यावी लागते. साध्या मोटारीच्या चाकाचा घेर सुमारें दोन मीटर धरा. ताशीं १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. म्हणजे तें चाक एका सेकंदांत सोळा वेळां फिरतें. हवा कमी असेल तर प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू दबते आणि पुन्हां फुगते. या दबण्याफुगण्यानें रबर आंतून तापतें. वर चैत्राचें ऊन, खालीं तापलेलें काँक्रीट, आंत पांच माणसें आणि सामान. अशा वेळीं टायर फुटला तर नवल नाहीं. म्हणून हवा मोजावी ती निघण्यापूर्वीं, टायर थंड असतांना. प्रवासांत तापलेल्या टायरमधली हवा फुगलेली असते. ती जास्त झाली असें समजून मध्येंच काढून टाकणें ही चूक होय. किती हवा भरावी याचा तक्ता बहुतेक मोटारींत चालकाच्या दाराच्या चौकटीवर लावलेला असतो. पुरत्या भारासाठीं त्यांत निराळा आंकडा दिलेला असतो. आम्ही तो पाहूनच हवा भरली.

मोटारीची तयारी अशी चोख झाली. माणसाची मात्र झाली नाहीं. चिरंजीव आदल्या दिवशीं कचेरींतून रात्रीं नऊला परतले. सामान लावून, हवा भरून निजावयास त्यांना एक वाजला, आणि चार वाजतां ते उठले. टायरचा दाब दोनदां तपासणाऱ्या आम्हां दोघांनाही झोपेचा हिशेब करावयाचें सुचलें नाहीं.

पहाटे पांचला निघालों. चिरंजीव सुकाणूवर, मी शेजारीं. मागें आमचें कुटुंब, सूनबाई आणि सात वर्षांची नात. मागच्यांनींही पट्टे बांधले पाहिजेत, असा नातीचा हट्ट. तिला शाळेंत तसें शिकविलें होतें. कमरेवरून व खांद्यावरून जाणारा हा तीन टोकांचा पट्टा नील्स बोलिन या स्वीडिश एंजिनिअरानें १९५९ सालीं मोटारींत आणला, आणि त्याच्या कंपनीनें तो सर्वांना वापरावयास मोकळा ठेवला. शाळेंत मीं पुष्कळ शोधकांचीं चरित्रें सांगितलीं; याचें कधीं सांगितलें नाहीं. नातीनें आजीच्या पदरावरून पट्टा ओढून स्वतः अडकविला, म्हणून तो बांधला गेला.

मोटारीचें वागणें उत्तम होतें. शंभराच्या वेगाला आंत आवाज येई तो एंजिनाचा नव्हे, तर टायर आणि काँक्रीट यांच्या घासणीचा. सांध्यांवरून जातांना टप् टप् असा एकसारखा ठोका पडे. पुढचें वाहन ओलांडावयाचें झालें तर ती विनातक्रार वेग घेई. ब्रेक दाबतांच सरळ रेषेंत मंदावे. पूर्वेकडे जाणें असल्यामुळें सूर्य उगवतांच तो थेट डोळ्यांवर आला. ही एक अडचण मात्र खरी. पहाटे पश्चिमेहून विदर्भाकडे निघणारांनीं ती ध्यानांत ठेवावी. चिरंजीवांनीं वेग ११५ वर बांधून टाकला. अलीकडच्या मोटारींत अशी सोय असते कीं, एकदां कळ दाबली म्हणजे मोटार तो वेग आपोआप राखते, पायानें कांहीं करावयास नको. मीं दोनदां म्हटलें, "अरे, कार्य उद्यां आहे. इतकी घाई कशाला?" त्यावर ते हंसून म्हणाले, "नाना, ही तुमच्या काळची गाडी नाही." बोलणें खोडसाळपणाचें नव्हतें; पण मला तें लागलें. त्यानंतर मी गप्प बसलों.

छत्रपति संभाजीनगरजवळ अर्धा तास थांबून पुन्हां निघालों. जालना जवळ आलें असतांना समोरच्या फलकावर एका कपाचें चित्र उमटलें आणि बारीकशी घंटा वाजली. मीं विचारलें, "चहाची वेळ झाली हें हिला कसें कळलें?" सगळे हंसले. चिरंजीवांनीं कळ दाबली आणि चित्र नाहींसें झालें. तें चित्र कशासाठीं असतें, हें आम्हांला मागाहून कळलें. सुकाणू फिरविण्यांत हात चुकूं लागला, बारीक बारीक दुरुस्त्या उशिरा होऊं लागल्या, म्हणजे चालक थकला असें यंत्र ताडतें, आणि विश्रांति घ्या असें सुचवितें. मोटारीनें आपलें काम केलें होतें. विद्यार्थ्यानें बरोबर उत्तर द्यावें आणि मास्तरांनीं तें हंसण्यावारी न्यावें, तसा प्रकार झाला.

पुढें सिंदखेड राजा आलें. जिजाऊंचें हें जन्मस्थान. याच तालुक्यांत १ जुलै २०२३ च्या रात्रीं एका प्रवासी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ माणसें प्राणांस मुकलीं. तें मला आठवलें, पण मीं बोलून दाखविलें नाहीं. मागें सर्वांचा डोळा लागला होता. रस्ता सरळ, आभाळ पांढरें, दोन्ही बाजूंना उन्हाळ्यानें उजाड झालेलीं शेतें. सांध्यांचा तो टप् टप् ठोका चालूच होता.

श्रोते हो, माझें शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचें. परंतु पस्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत वर्गासमोर उभें राहून एक विद्या मला खचित आली आहे. दुपारच्या तासाला शेवटच्या बांकावरचा कोणता मुलगा डोळे उघडे ठेवून निजला आहे, हें मला दारांतून ओळखतां येतें. पेन्सिल हातांत असते, तोंड फळ्याकडे असतें, पण पापणी लवली म्हणजे ती पुन्हां उघडावयास वेळ लागतो. तशी पापणी मीं त्या दिवशीं शेजारीं पाहिली. एकदां पाहिली, दोनदां पाहिली. शाळेंत असतों तर टेबलावर डस्टर आपटलें असतें. येथें मी आपटलें नाहीं. मोटार त्यांची, कमाई त्यांची, सुकाणू त्यांच्या हातीं. आपण कशाला बोला, असें मनाशीं म्हटलें. खरें सांगावयाचें तर सकाळच्या त्या एका वाक्यावर मी रुसलों होतों. माझ्या रुसव्यापायीं पांच जीव ताशीं ११५ च्या वेगानें चालले होते.

मेहकर अजून यावयाचें होतें. मोटार आपल्या मार्गिकेची पांढरी रेषा ओलांडून हळूहळू मधल्या दुभाजकाकडे सरकूं लागली. वळतांना माणूस सुकाणू फिरवितो. येथें सुकाणू कोणी फिरवीत नव्हतें. मीं वर्गांत हांक मारतों त्या आवाजांत त्यांचें नांव घेऊन ओरडलों. ते दचकले आणि त्यांनीं सुकाणू एकदम उलट बाजूला ओढलें. मोटारीची मागची बाजू एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे झोलपटली. त्या क्षणीं आम्हांला वांचविलें तें मोटारीनें. चाकें घसरूं लागलीं असें कळतांच नव्या मोटारींतील यंत्रणा एकेका चाकाला निरनिराळा ब्रेक लावून तोल सांवरते, तशी तिनें तो सांवरला. पट्ट्यांनीं सगळ्यांना जागच्या जागीं धरलें. नात रडूं लागली. नंतर कितीतरी वेळ कोणीच बोललें नाहीं.

मेहकरच्या नाक्यावर महामार्ग सोडून आम्ही बाहेर पडलों आणि एका लिंबाच्या झाडाखालीं मोटार उभी केली. चिरंजीव खुर्ची मागें करून पाऊण तास गाढ निजले. मी कुटुंबाला सगळी हकिकत सांगितली. पापणीची गोष्टही लपविली नाहीं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "अहो, त्या गाडीला वाचा नाही, तरी तिने कप दाखवला. तुम्हांला तर तोंड आहे." यावर मला उत्तर नव्हतें, आणि आजही नाहीं.

लांब, सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असतांना मन निजतें. याला महामार्गावरील संमोहन म्हणतात. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेंतील अभ्यासकांनीं समृद्धि महामार्गावरील अपघातांच्या कारणांत त्याचा उल्लेख केलेला आहे. खाचखळग्यांचा रस्ता माणसाला जागें ठेवतो. वळण, बैलगाडी, गतिरोधक, रस्ता ओलांडणारी म्हैस, यांना आपण शिव्या देतों. पण तीं आपलीं राखणदारेंच असतात. उत्तम रस्ता आणि उत्तम मोटार यांनीं हीं राखणदारें काढून घेतलीं. पायाचें काम कळीनें घेतलें. मग उरलेल्या कामांत मन टिकावें कसें? काम कमी झालें म्हणून थकवा कमी झाला, असें मात्र होत नाहीं. आदल्या रात्रीं बुडालेली झोप आपलें येणें वसूल केल्यावांचून राहत नाहीं.

आतां थोडें गणित, कारण तें सोडावयाचें माझ्या हातून होणें नाहीं. मोटार पळत असतांना तिच्या अंगीं जो जोर असतो, तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ८० वरून १२० म्हणजे वेग दीडपट, जोर सव्वादोनपट. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकांनीं ८० च्या वेगाची मोटार थांबावयास सुमारें ३५ मीटर लागतात, तर १२० ची थांबावयास सुमारें ८० मीटर. त्याआधीं धोका दिसून पाय ब्रेकवर जाण्यांत एक सेकंद जातो. त्यांत पहिली २२ मीटर जाते, दुसरी ३३. एकूण ५७ विरुद्ध ११३, जवळजवळ दुप्पट. आणि तीन सेकंद डुलकी लागली तर १२० च्या वेगानें शंभर मीटर अंतर चालकावांचून पार पडतें. आमच्या शाळेचें पटांगणही तेवढें लांब नव्हतें.

हवेचा अडथळाही वेगाच्या वर्गाप्रमाणेंच वाढतो, आणि तो पेट्रोलच्या खर्चांत दिसतो. सिन्नरच्या पंपापासून नागपूरच्या पंपापर्यंत आमचे ५८० किलोमीटर झाले. जातांना ३९ लिटर पेट्रोल लागलें. म्हणजे लिटरला १५ ला थोडें कमीच. येतांना ८५ च्या आसपास वेग ठेवला, तेव्हां त्याच अंतराला ३१ लिटर लागलें. लिटरला साडेअठरांहून अधिक. मोटार तीच, माणसें तींच, सामान उलट आहेराचें वाढलेलें. जातांना वेगानें आम्हीं वेळ वांचविला तो सुमारें सव्वा तास. त्यांतला पाऊण तास लिंबाखालीं झोपेंत गेला, आणि बाकीच्या अर्ध्या तासाचें नागपुरास कोणाला कांहीं काम नव्हतें.

समारंभ यथासांग झाला. भगिनींनीं सर्वांना ओवाळून घेतलें. प्रवास कसा झाला, असें त्यांनीं विचारलें तेव्हां चिरंजीव म्हणाले, "गाडी छान चालली, आत्या." खोटें नव्हतें तें. मीही मान हलविली.

परतीच्या वेळीं मात्र कांहीं नियम ठरले. ते कोणीं कोणाला घालून दिले नाहींत. आदल्या रात्रीं चिरंजीव साडेनऊलाच निजले. निघालों ते उजाडल्यावर, सूर्य पाठीशीं ठेवून. दर दोन तासांनीं उतरून पाय मोकळे करावयाचे, मग कोणाला गरज वाटो वा न वाटो. वेग राखणारी कळ दाबावयाची नाहीं. पायाला काम असूं द्यावयाचें. कपाचें चित्र दिसलें तर वाद न घालतां पहिल्या बाहेरच्या वाटेला वळावयाचें. चहा प्याला म्हणजे झोप गेली, असें समजावयाचें नाहीं. वीस मिनिटें निजावयाचें. आणि शेजारीं बसणारानें निजावयाचें नाहीं. त्याचें कामच मुळीं जागें राहण्याचें आणि बोलण्याचें आहे. नाक्यावरून महामार्गाला लागतांना चिरंजीव माझ्याकडे न पाहतां म्हणाले, "नाना, आज तुम्ही बोलत राहा. रागावलात तरी चालेल."

मी सिन्नर येईपर्यंत बोलत होतों. बेर्था बेंझ बाईंची गोष्ट तेव्हांच सांगितली. नातीला त्यांतली टोपीची टांचण फार आवडली.

तेव्हां नवी मोटार लांबच्या पल्ल्यावर कशी चालते, या प्रश्नाचें माझें उत्तर असें कीं, ती उत्तम चालते. तिचीं टायरें, ब्रेक, पट्टे, तोल सांवरणारी यंत्रणा यांची आपण विकत घेतांना चौकशी करतों, ती अवश्य करावी. पण ती चालविणारा किती निजला आहे, आणि त्याच्या शेजारीं बसणाऱ्याला बोलावयाची मोकळीक आहे कीं नाहीं, ही चौकशीही निघण्यापूर्वीं घरांत करून घ्यावी. आपल्या घरांत थोरांनीं धाकट्यांच्या कामांत तोंड घालूं नये, हें अलीकडचें वळण बरेंच चांगलें आहे. मीं तें कष्टानें शिकलों. मात्र मोटारीच्या पुढच्या खुर्चींत तें लागू नाहीं. तेथें पापणी जड झालेली दिसली, तर रुसवा बाजूला ठेवून हांक मारावी. ऐकणारानेंही ती ऐकावी.